शंभर टक्क्यांच्या बाहेर

धारूर,
११ ऑगस्ट २०२४

वैष्णवीताई,

पत्राची सुरुवात कशी करायची ते मराठीच्या बाईंनी शिकवलंय, पण तुला तसं लिहिलं तर तू हसशील. म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

तू फोनवर म्हणालीस, "तुझा हात हळू चालतो, म्हणून पेपर अर्धा राहतो. दहावी होईपर्यंत फोन बंद. जे सांगायचं ते लिहून पाठव, हाताला सवय लागेल." बरं, लिहिते. पण जे लिहिणार आहे ते तुला आवडायचं नाही.

चाचणीचे पेपर मिळाले. गणित आणि विज्ञान, दोन्हीत मी नापास. वर्गात असे आम्ही तिघं आहोत, मी, प्रविण आणि दिपाली. बुधवारी हेडसरांनी तिघांच्याही घरच्यांना बोलावलं. अब्बा गॅरेजमधून तसेच गेलते. हाताला ग्रीस होतं म्हणून खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

हेडसर लई गोड बोलले. "युसूफभाई, पोरीचं भलं बघा. शाळेतून नाव काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी देऊ द्या. तिला ताण नाही, तुम्हाला चिंता नाही."

मी विचारलं, "सर, बाहेरून बसले तर शिकवणार कोण?"

"घरी करायचा अभ्यास."

"घरी येत असता तर नापास कशाला झाले असते?"

अब्बांनी डोळ्यानंच मला दाबलं. हेडसर त्यांच्याकडंच बघत म्हणाले, "सहा वर्षं शाळेचा निकाल शंभर टक्के आहे. या तिघांमुळं..." आणि थांबले. पण कळायचं ते कळलं. फाटकावर तुझा फोटो लावलेला फ्लेक्स आहे ना, त्यावरच्या शंभरात आम्ही तिघं मावत नाही.

प्रविणच्या वडिलांनी तिथंच सही केली. दिपालीच्या आईनं अंगठा दिला. अब्बा म्हणाले, "विचार करून सांगतो."

ताई, माझं नाव शाळेतून निघालं तर नुसती शाळा जाणार नाही. परळीच्या मावशीनं एक स्थळ सांगून ठेवलंय. आजवर अम्मी म्हणायची, "पोरगी शाळेत हाय." उद्या काय म्हणेल?

मी सही करू देणार नाही. अभ्यास कसा करायचा तेवढं तू सांग. तू शाळेत पहिली आलीस, मेडिकलला गेलीस. आपली घरं समोरासमोर, तरी तुझी अक्कल रस्ता ओलांडून आमच्याकडं कशी आली न्हाई, काय माहीत.

तुझी,
सहर

*

अंबाजोगाई,
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय सहर,

तुझं पत्र वाचलं. अक्षर सुधारलंय.

अभ्यासाचं म्हणशील तर आधी वेळापत्रक कर आणि भिंतीवर चिकटव. पहाटे चारला उठ, तेव्हा डोकं ताजं असतं. प्रत्येक उत्तर पाच वेळा लिहून काढ. महत्त्वाच्या ओळी रंगीत पेनानं अधोरेखित कर. सूत्रांचे कागद आरशाला लाव. आणि मन सकारात्मक ठेव. मी हेच केलं होतं.

आता फॉर्मचं. रागावू नकोस, पण मला वाटतं हेडसर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. बोर्ड तेच, पेपर तेच. शाळेत रोज बोलणी खाण्यापेक्षा घरी शांतपणे अभ्यास होईल. सतरा नंबर ही काही लाज नव्हे. युसूफचाचांना सही करू दे. यात तुझंच भलं आहे.

तुझी,
वैष्णवीताई

*

धारूर,
२२ ऑगस्ट २०२४

वैष्णवीताई,

'भलं' हा शब्द या महिन्यात मी दुसऱ्यांदा ऐकला. पहिल्यांदा ज्यांच्या तोंडून ऐकला त्यांच्याकडून मला कसलीच अपेक्षा नव्हती, तुझ्याकडून होती.

तुझं वेळापत्रक भिंतीवर लावलंय. चारला उठते. पाच वेळा लिहिते. सहाव्या वेळी न बघता लिहायला गेले की कागद कोरा. माझं डोकंच तसं असेल.

पण सही होणार नाही. आणि आता मला वेळ नाही, अभ्यास आहे.

सहर

*

अंबाजोगाई,
२० ऑक्टोबर २०२४

सहर,

तुझ्या ऑगस्टमधल्या पत्रानंतर मी पाठवलेल्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. त्या पत्रांत खरं काहीच नव्हतं.

तुझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी बाबांचा फोन आला होता. ते शाळेच्या समितीवर आहेत हे तुला माहीतच आहे. म्हणाले, "युसूफची पोरगी तुझं ऐकते. तिला समजाव, हेडसर अडचणीत आलेत." म्हणून मी तसं लिहिलं. पण सगळा दोष बाबांवर ढकलणार नाही. मला स्वतःलाच तेव्हा वाटत होतं, की नापास व्हायच्या आधीच कुणी बाजूला काढून घेतलं तर किती बरं होईल.

कारण मला तेव्हाच भीती होती, आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या परीक्षेत शरीररचनाशास्त्रात मी नापास झालेच. घरी कुणालाही सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

चारला उठून, पाच वेळा लिहून, रंगीत पेनं संपवून नापास झाले गं. तोंडी परीक्षेत मॅडमनी हाडाचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "इथं ही खाच कशासाठी आहे?" पुस्तकात ती ओळ कुठल्या पानावर, कुठल्या कोपऱ्यात आहे ते डोळ्यासमोर होतं, पण ती काय म्हणते ते माहीत नव्हतं. दहावीत, बारावीत हे चालून गेलं. इथं चालत नाही.

तेव्हा तुझं वाक्य आठवलं, सहाव्या वेळी कागद कोरा. तुझं डोकं तसं नाही सहर, माझा उपायच खोटा होता. बघून लिहिताना हात अभ्यास करतो, डोकं झोपलेलं असतं.

भिंतीवरचं वेळापत्रक फाडून टाक. आणि मला माफ केलंस तर लिही. नाही केलंस तरी अभ्यास सोडू नकोस.

वैष्णवी

*

धारूर,
५ नोव्हेंबर २०२४

वैष्णवीताई,

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग हसू आलं. हसू अशासाठी, की वेळापत्रक मी सप्टेंबरातच फाडलं होतं.

काय झालं ते सांगते. संध्याकाळी मी बीबीजान फुफीच्या फळांच्या गाड्यावर बसते. एकदा तिथं विज्ञानाचं पुस्तक वाचत होते. फुफी कधी शाळेत गेलेली नाही. तिनं विचारलं, "क्या पढती गं?" मी तिला सांगितलं, की सरळ काठी पाण्यात बुडवली तर वाकडी दिसते. ती म्हणाली, "कायकू?" मी म्हणलं, प्रकाशाचं अपवर्तन होतं. "वो कायकू?" मी म्हणलं, पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. "वेग कम हुआ तो वाकडा कायकू दिखता?"

मला सांगता येईना. गिऱ्हाईक आलं म्हणून सुटले. पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या आधी दचकल्या, मग फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मी संध्याकाळी फुफीला पेरूंची ओळ मध्येच वाकवून समजावलं. ती आकृती आता मी मेले तरी विसरणार नाही.

तेव्हापासून असंच करते. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, फुफीला आपल्या बोलीत सांगायचं, तिच्या 'कायकू'ला पुरून उरायचं आणि घरी येऊन तेच पुस्तकाच्या मराठीत लिहायचं. जे अडलं तेवढंच उघडून बघायचं. चारला उठत नाही. दहाला झोपते. सहामाहीत विज्ञानात पास झाले. गणितात अजून नापास आहे.

आता वाईट बातमी. अब्बांनी सही केली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. सगळ्या वर्गाचे बोर्डाचे फॉर्म भरून झालेत. माझा बाजूला ठेवलाय. क्लार्क म्हणतात, "हेडसरांना विचार." हेडसर म्हणतात, "बघू." मुदत याच महिन्यात संपते.

तुला माफ केलंय. पण तुझ्या बाबांना नाही.

सहर

*

अंबाजोगाई,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सहर,

रविवारी घरी येऊन गेले. तुला भेटले नाही, कारण बाबांशी जे झालं त्यानंतर कुणाशी बोलायची ताकद उरली नव्हती.

मी विचारलं, "सहरचा फॉर्म का अडवलाय?"

बाबा म्हणाले, "हेडसरांनी शाळेचं नाव कमावलंय. मी समितीत बसून त्यांचा शब्द कसा मोडू?"

"मग फाटकावरचा माझा फोटो काढायला सांगा."

"कावून? तू टॉपर हायेस."

"टॉपर नापास झालीय, बाबा."

ते उठून आत गेले. जेवले नाहीत. मी निघाले तेव्हा आई स्टँडवर आली, ते आले नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर भरवसा ठेवून बसू नकोस. मीही ठेवलेला नाही.

मात्र तुझी फुफी मी उसनी घेतलीय. आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या छबुबाई आहेत. त्यांना मी हाताच्या नसा सांगायला लागले. त्या लाटता लाटता म्हणाल्या, "मग कोपर ठेचलं की करंगळीपतोर मुंग्या कावून येत्यात?" एका प्रश्नात आख्खा धडा उलगडला.

गणिताचं सांगते, हे मी आता स्वतःच्या चुकांतून शिकलेय. एकाच प्रकारची दहा उदाहरणं ओळीनं सोडवू नकोस. तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो आणि आपल्याला वाटतं, येतंय. वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून घे, म्हणजे आधी 'हे कशातलं आहे' हे ओळखावं लागेल. पेपरात तेच अवघड असतं. जे चुकलं ते तीन-चार दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर कर. चुकणं म्हणजे कुठं खणायचं ते कळणं.

फॉर्मचं काय झालं ते लगेच कळव.

वैष्णवीताई

*

धारूर,
२७ नोव्हेंबर २०२४

वैष्णवीताई,

फॉर्म भरला! आता नीट सांगते.

मागच्या आठवड्यात प्रविण गॅरेजवर आला आणि अब्बांना म्हणाला, "चाचा, काम देता का?" अब्बा म्हणाले, "दहावी हाय ना तुझी?" तो म्हणाला, "हाय. पण शिकवतं कोण? सकाळी उठून कुठं जायचं तेच कळत न्हाई." अब्बांनी त्याला काम दिलं नाही. म्हणाले, "संध्याकाळी सहरजवळ बस." रात्री जेवताना ते अम्मीला म्हणाले, "मी सही केली असती तर आपली पोरगीबी अशीच फिरली असती." एवढंच.

सोमवारी त्यांनी गॅरेजचं शटर ओढलं, हात घासून घासून धुतले, ईदचा सदरा घातला आणि शाळेत जाऊन हेडसरांच्या खोलीसमोर व्हरांड्यात बसले. हेडसर म्हणाले, "युसूफभाई, आत या, चहा घ्या." अब्बा म्हणाले, "चहा नको सर. फॉर्म भरा." शाळा सुटेपर्यंत तिथंच. मी वर्गात बसलेले, खिडकीतून त्यांच्या चपला दिसत होत्या. गणिताचे सर काय शिकवत होते, देवाला माहीत.

मंगळवारी पुन्हा. त्या दिवशी फुफीनं गाडा शाळेच्या फाटकाशी आणून लावला. केळी घ्यायला येईल त्या प्रत्येक बाईला सांगू लागली, "मेरा भाई अंदर बैठा हाय. कायकू पूछो!" आणि बायका विचारायच्या. दुपारपर्यंत गावभर झालं. नववीच्या दोन आया तर सरळ व्हरांड्यात येऊन अब्बांशी बोलल्या.

तीनच्या सुमाराला तुझे बाबा, अर्जुनकाका आले. अब्बांकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेले, दार लावलं. बाहेर आले आणि जाताना अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मग क्लार्कनी मला हाक मारली.

आत काय बोलले ते विचार त्यांना. अर्जुनकाकांना मी अर्धं माफ केलंय.

आता गाड्यावर आम्ही तिघं असतो. दिपालीला इतिहास तोंडपाठ आहे, प्रविणला काहीच येत नाही पण 'कायकू' तो फुफीपेक्षा जास्त विचारतो.

सहर

*

अंबाजोगाई,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सहर,

बाबा काही सांगत नाहीत. मात्र परवा फोनवर स्वतःहून म्हणाले, "राहिलेला विषय कधी हाय?" हो, विद्यापीठाच्या परीक्षेत बाकी सगळं सुटलं, शरीररचना राहिलीच. एप्रिलमध्ये पुन्हा बसतेय. या खेपेला मला ती येते, हे मला माहीत आहे. मागच्या खेपेला येते असं वाटत होतं. दोन्हीत फरक असतो.

शुक्रवारी तुझा पहिला पेपर. आता नवीन काही वाचू नकोस. झोप सोडू नकोस. पेपर हातात आला की छाती धडधडेल. धडधडू दे, ती काही थांबवायची गोष्ट नाही, तिच्यासकट लिहायचं. येतं ते आधी लिही. अडलं तर जागा सोडून पुढे जा. बाहेर आल्यावर कुणाशी उत्तरं ताडून बघू नकोस, घरी जा, दुसऱ्या पेपरचं बघ.

आणि एक. नापास होशीलच, असं गृहीत धरून काही लोक निकालाची वाट बघताहेत. त्यांच्यासाठी लिहू नकोस. त्यांच्यावर राग काढायला वर्ष पडलंय. पेपर तुझा आहे.

वैष्णवीताई

*

धारूर,
२२ जून २०२५

वैष्णवीताई,

निकालाचं तुला अम्मीनं फोनवर सांगितलंच. चौसष्ट टक्के. गणितात त्रेचाळीस, पण ते माझे त्रेचाळीस आहेत. दिपाली पास. प्रविण गणितात राहिला.

आणि शाळेचा निकाल शंभर टक्के.

काल गुणगौरवाचा कार्यक्रम झाला. मला वाटलं पहिल्या तिघांनाच बोलावतील, पण हेडसरांनी मलाही बोलावलं. माइकवर म्हणाले, "ही सहर. शाळेच्या शिस्तीनं आणि मार्गदर्शनानं काय होऊ शकतं याचं उदाहरण." टाळ्या. मला म्हणाले, "दोन शब्द बोल."

मी दोनापेक्षा जास्त बोलले. "आमच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के नाही. दिपाली आणि प्रविण ऑगस्टपर्यंत आमच्याच बाकावर होते. त्यांची नावं काढली म्हणून शंभर झाले. प्रविण गणितात राहिलाय, जुलैत पुन्हा बसतोय. तो आमच्या वर्गातला आहे, त्याला धरून मोजा." माइक बंद झाला. मी तसंच मोठ्यानं म्हणलं, "नववीच्या पालकांनो, सही करू नका!" अर्जुनकाका स्टेजवर होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण मला खाली उतर असंही म्हणाले नाहीत. शेजारचे पाहुणे म्हणाले तेव्हा तेच म्हणाले, "बोलू द्या."

मला वाटलं मी लई मोठं काम केलं. घरी येते तर दारात प्रविण. रागानं लाल. "गावासमोर माझं नाव कावून घेतलं? मी नापास झालो ते माझ्या आज्जीलाबी माहीत नव्हतं!"

ताई, मी याचा विचारच केला नव्हता. त्याच्यासाठी भांडायच्या नादात मी त्यालाच विचारलं नाही. हेडसरांनी तरी कुठं विचारलं होतं त्याला? मी माफी मागितली. तो निघून गेला. आज गाड्यावर आला नाही.

काय करू?

सहर

*

अंबाजोगाई,
२७ जून २०२५

प्रिय सहर,

काही करू नकोस. माफी मागितलीस ना? आता रोज संध्याकाळी ठरल्या वेळी गाड्यावर बस. तो आला तर मागचं काढू नकोस, नाही आला तरी बसून राहा. नापास झालेल्या माणसाला समजूत नको असते गं, जागा हवी असते. तू दोन महिने गप्प राहिलीस तरी तुझ्या दारात पत्र टाकायची मला जागा होती.

मी पास झाले. आधी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं." मग फोन ठेवता ठेवता, "पहिल्यांदा राहिलीस ते तवाच सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुला?"

वैष्णवीताई

*

धारूर,
१० ऑगस्ट २०२५

वैष्णवीताई,

चौथ्या दिवशी प्रविण आला. मी मागचं काढलं नाही, फुफीनं त्याला पेरू कापून दिला. तो म्हणाला, "समांतर रेषा कधी भेटत न्हाईत, ते कावून?" आणि बसला. परीक्षेपर्यंत रोज बसला. फेरपरीक्षेत पास झालाय. पस्तीसला फक्त चार जास्त, पण आज्जीला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं.

मी अकरावीला सायन्स घेतलंय. अंबाजोगाईच्या कॉलेजात. अम्मीनं परळीच्या मावशीला कळवलं, "पोरगी आता एसटीनं जाते-येते, दोन वर्षं तरी विचारू नका." मला वाटलं होतं ती हे दबकत बोलेल. चांगली ठासून बोलली.

आता कालचं. यंदा हेडसरांनी चौघांच्या घरच्यांना बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्यातल्या दोन आया गाड्यावर आल्या. "आमी काय म्हणावं तिथं?" मी म्हणलं, "काही म्हणू नका, फक्त पेन हातात घेऊ नका. आणि पोरांना संध्याकाळी इकडं पाठवा." चौघांपैकी एकानंही सही केली नाही.

काल संध्याकाळी हेडसर स्वतः गाड्यावर आले. मला वाटलं केळी घ्यायला. फुफी तराजू उचलणार तेवढ्यात ते मला म्हणाले, "सहर, चांगली चाललेली शाळा होती. तू बिघडवलीस."

समोर नववीतून दहावीत आलेली ती चार पोरं बसलेली. चौघांनी पुस्तकातून माना वर केल्या.

"व्हय सर," मी म्हणलं.

तुझी,
सहर